कॉलेजचा विंग एनबीएत टिकेल का, हे ओळखायचं कसं

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. तुमची मुलगी ज्या कॉलेजात शिकते, तिथल्या बास्केटबॉल टीमचे घरच्या कोर्टवरचे सगळे सामने तुम्ही दोघं बघता. त्या टीममध्ये साडेसहा फुटी एक विंग आहे, म्हणजे कोर्टच्या कडेने खेळणारा खेळाडू. तिसऱ्या वर्षाला, वय २१, जूनच्या ड्राफ्टपर्यंत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनबीए नवे खेळाडू निवडते तो कार्यक्रम) २२ पूर्ण होतील. कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेज टीमचा गट, मधल्या दर्जाची. सामन्याला सरासरी १९ पॉइंट, यंदा थ्री-पॉइंटरचा (लांबच्या रेषेबाहेरून मारायच्या तीन पॉइंटांच्या शॉटचा) नेम ४१ टक्के. आजूबाजूला बसणारे सगळे म्हणतात की पोरगा पहिल्या फेरीत जाणार. तुम्हाला ते खरं वाटत नाही, पण का वाटत नाही ते सांगता येत नाही. म्हणून तुम्ही विचारलंत की असल्या मुलाकडे बघताना स्काउट, म्हणजे टीमसाठी खेळाडू हेरणारा, नेमकं काय बघतो. शिवाय त्याचे तिन्ही वर्षांचे आकडे पाठवलेत, हे फार बरं केलंत.

मी अठरा वर्षं हेच काम करतोय. सुरुवातीला एका कॉलेज टीमसाठी व्हिडिओ कापायचो, नंतर गावोगाव सामने बघून व्यावसायिक टीमसाठी रिपोर्ट लिहू लागलो. या विंगला (पुढे त्यालाच ‘तुमचा मुलगा’ म्हणतोय) मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. त्यामुळे खाली त्याच्याविषयी जे म्हणतोय ते तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून, आणि बाकीचं माझ्या कामातून.

तो चांगला खेळाडू आहे का, हा इथे प्रश्नच नाही. चांगला आहेच. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून जास्त टीम आहेत आणि प्रत्येकीत एक-दोन असे चांगले असतात. एनबीएत टीम ३०, प्रत्येकीत कायम जागा १५, म्हणजे ४५०. त्यावर प्रत्येकी तीन टू-वे करार (एनबीए आणि तिच्या खालची लीग अशा दोन्हीकडे खेळायचे), म्हणजे आणखी ९०. दर उन्हाळ्यात ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत फार तर ६० जण निवडले जातात, आणि त्यांतले कितीतरी युरोप-ऑस्ट्रेलियातूनही येतात. आता या ४५० जणांकडे बघा. जवळजवळ प्रत्येक जण आपल्या आधीच्या टीममधला भारी खेळाडू होता. टीमची बरीचशी आक्रमणं त्यांच्या हातून जायची. एनबीएत आल्यावर त्यांतल्या बहुतेकांना बॉल मिळतो तो दुसऱ्याने आक्रमण रचल्यावर, कोपऱ्यात उभं असताना, आणि तोही अर्धा-पाऊण सेकंद. खरा प्रश्न मग असा होतो: हा मुलगा पाचांतला पहिला न राहता चौथा किंवा पाचवा झाला, तर टीमच्या कामाचा उरतो का?

एक जुनं उदाहरण देतो. गोंझागा कॉलेजचा ॲडम मॉरिसन. २००५-०६ च्या मोसमात सामन्याला २८.१ पॉइंट, देशात पहिला. २००६ च्या ड्राफ्टमध्ये शार्लटने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी त्याचे जेमतेम ३८ टक्के शॉट गेले. पुढच्या मोसमाआधी गुडघा गेला, ते दुर्दैव होतंच. पण त्याआधीच दिसत होतं की बॉल हातात नसेल तेव्हा त्याच्याजवळ द्यायला फारसं काही नाही, आणि बचावात समोरचे त्यालाच शोधून काढतात. उलट बाजूला अलाबामाचा हर्बर्ट जोन्स. चार वर्षं कॉलेजात, शेवटच्या वर्षी सरासरी ११ पॉइंटच्या आसपास. २०२१ मध्ये तब्बल ३५ व्या क्रमांकापर्यंत कुणी उचलला नाही, तेव्हा न्यू ऑर्लिन्सने घेतला. पहिल्या वर्षापासून तो सुरुवातीच्या पाचांत खेळला आणि २०२४ मध्ये लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात आला. त्याचं काम कॉलेजातही तेच होतं आणि एनबीएतही तेच राहिलं.

म्हणून मी सामना बघताना बॉल बघत नाही. मी नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर खेळत वाढलो. आमचे सर आम्हा पोरांना काठावर बसवायचे आणि सांगायचे, एकाच खेळाडूवर नजर ठेवा, बॉल कुठेही जाऊ दे. तेव्हा कंटाळा यायचा. पुढे तीच सवय माझ्या पोटापाण्याची झाली.

नजर ठेवून बघायचं काय? आधी बचाव. बॉल कोर्टच्या दुसऱ्या बाजूला असताना तो आपल्या माणसाला चिकटून उभा राहतो, की एक पाय पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) ठेवून आत घुसणाऱ्याची वाट अडवतो? मान फिरते का? ज्याची मान दर सेकंदाला आपल्या माणसाकडे आणि बॉलकडे अशी फिरत असते, त्याला पुढे काय होणार ते आधी कळतं. मग क्लोजआउट बघा. आतून मदत करून पुन्हा बाहेरच्या शूटरकडे धावायचं, हात वर, आणि शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग मोडायचा. हा वेग मोडणं फार अवघड असतं. नाही मोडला तर शूटर एका ड्रिबलमध्ये बाजूने निघून जातो. एनबीएत विंगला एका रात्रीत हे कितीतरी वेळा करावं लागतं. मी एकेका मुलाचे चाळीस-पन्नास क्लोजआउट व्हिडिओवर सलग लावून बघतो. दहा बघितल्यावर अंदाज येतो, तिसाव्यापर्यंत खात्री होते.

मग स्क्रीन. समोरच्या गार्डला (बॉल खेळवणाऱ्याला) मोकळं करायला त्यांचा सेंटर (सगळ्यात उंच खेळाडू) आडवा येऊन उभा राहतो. तुमचा मुलगा त्याला घासून वरून निघतो, की धडकून थांबतो आणि हात पसरून पंचांकडे बघतो? हल्ली बचावात माणसं बदलून घ्यायची पद्धत रूढ झाली आहे. त्यामुळे विंगला एका क्षणी सव्वासहा फुटी चपळ गार्ड अडवावा लागतो, तर पुढच्या क्षणी पावणेसात फुटी फॉरवर्ड. त्यांतला एक तरी नीट अडवता यायला हवा. दोन्ही अडवता आले तर मी वहीत त्याच्या नावापुढे खूण करतो.

आक्रमणात बॉलशिवाय काय करतो हे बघायला माझी एक सोपी रीत आहे. त्याने पास दिला की तीन मोजायचं. त्या तीन सेकंदांत तो कापत आत गेला, कुणासाठी स्क्रीन लावली, कोपऱ्यात सरकून साथीदाराला जागा करून दिली, की कमरेवर हात ठेवून बॉल परत यायची वाट बघत राहिला? कॉलेजचे हुकमी खेळाडू पुष्कळदा वाट बघतात. त्यांना दोष देत नाही, ते दमलेले असतात आणि बॉल येणारच असतो. पण एनबीएत तो येत नाही. तिथे बॉल आलाच तर बचावपटू धावत अंगावर येत असताना येतो, आणि लगेच ठरवावं लागतं: शॉट, एक-दोन ड्रिबल मारून आत, की पुढचा पास.

आता शूटिंग. तुमच्या आसपासचे लोक ४१ टक्क्यांवर खूश आहेत. तुम्ही पाठवलेले आकडे मी जोडून बघितले. यंदा ९० प्रयत्न, ३७ गेले. त्यांतले पाच रिंगला लागून बाहेर उडाले असते तर ३२ होतात, म्हणजे ३६ टक्के. चार महिन्यांतले पाच शॉट! एवढ्याशा फरकावर कुणाचं भवितव्य ठरवता येत नाही. पहिल्या वर्षी ६० पैकी १९, दुसऱ्या वर्षी ८० पैकी २५. तिन्ही वर्षं मिळून २३० पैकी ८१, म्हणजे ३५ टक्के. हा आकडा मला जास्त खरा वाटतो.

त्याच्या जोडीला मी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, बघतो. तिथे अडवायला कुणी नसतं, अंतर तेच, वेळ भरपूर. हाताचं वळण कसं आहे ते उघडं पडतं. तुमच्या मुलाचे तिन्ही वर्षांत ३१० पैकी २२० गेलेत, ७१ टक्के. वाईट नाही, पण भरवशाच्या शूटरचा हा आकडा नाही. ड्यूकचा जस्टिस विन्स्लो २०१५ मध्ये राष्ट्रीय विजेत्या टीममध्ये होता. थ्री जवळजवळ ४२ टक्के, फ्री थ्रो मात्र ६४ टक्के. ४२ बघून लोक भुलले. एनबीएतल्या पहिल्याच मोसमात तो २८ टक्क्यांच्या खाली आला. क्वाय लेनर्डचं नेमकं उलटं झालं. सॅन डिएगो स्टेटमध्ये दोन वर्षांत त्याचा थ्रीचा नेम २५ टक्क्यांवर होता, म्हणून तो २०११ मध्ये १५ व्या क्रमांकापर्यंत घसरला. पण दुसऱ्या वर्षी फ्री थ्रो ७६ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे हात बरा होता. तो ज्या टीमकडे गेला त्या स्पर्सकडे चिप एंगेलँडसारखा शूटिंग शिकवणारा माणूस होता, त्याने बॉल सोडण्याची ढब दुरुस्त केली, आणि पहिल्याच मोसमात लेनर्ड ३७ टक्क्यांच्या वर गेला. अर्थात हा नियम सगळ्यांना लागू पडत नाही. जेलन ब्राउनचे कॉलेजात फ्री थ्रो ६५ टक्के आणि थ्री ३० च्या आत होते, आणि २०२४ च्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. कामाची जिद्द आकड्यांत दिसत नाही. ती सरावात दिसते, म्हणून मी सामन्याच्या दीड तास आधी पोचतो.

अंतराचाही विचार हवा. कॉलेजची थ्रीची रेषा २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे. एनबीएची वरच्या बाजूला २३ फूट ९ इंच, म्हणजे दीड फुटाहून अधिक लांब. कोपऱ्यात मात्र ती २२ फुटांवरच आहे. विंगला तिथे बहुतेक शॉट कोपऱ्यातून मिळणार असतील तर अंतराची अडचण मोठी नाही. अडचण वेळेची असते. पास येण्याआधी त्याचे गुडघे वाकलेले आणि तळवे तयार असतात का? बॉल छातीशी आणून, खाली नेऊन, मग वर नेतो का? खाली नेणारा मुलगा कॉलेजात चालून जातो. एनबीएत त्या वेळात लांब हातांचा बचावपटू पोचलेला असतो.

वयाबद्दल लोकांना राग येतो. २२ वर्षांचा मुलगा म्हातारा कसा, असं विचारतात. म्हातारा नाहीच. पण एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये २२ वर्षांचा खांदा उजवा पडतो, आणि तो उजवेपणा एनबीएत गेल्यावर नाहीसा होतो, कारण तिथे सगळेच पुरुष. २०१० च्या ड्राफ्टमध्ये सिरॅक्यूजचा वेस्ली जॉन्सन चौथ्या क्रमांकावर गेला. बिग ईस्ट कॉन्फरन्सचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, थ्री ४१ टक्क्यांच्या वर, वय २३ ला जेमतेम काही आठवडे कमी. त्याच ड्राफ्टमध्ये फ्रेस्नो स्टेटचा पॉल जॉर्ज दहावा गेला, वय २०. जॉर्जची टीम साधी होती, पण दुसऱ्या वर्षी फ्री थ्रो ९० टक्क्यांच्या वर होते आणि वाढायला तीन वर्षं हाताशी होती. पुढे जॉर्ज लीगमधला बडा खेळाडू झाला, जॉन्सन मात्र साधाच राहिला. आणखी एक गोष्ट: सिरॅक्यूज कायम दोन-तीनचा झोन (दोघं पुढे, तिघं मागे) खेळायची. झोनमध्ये प्रत्येकाला समोरचा माणूस नव्हे, आपली जागा सांभाळायची असते, त्यामुळे एकास एक बचाव कसा करेल हे कळायला फार कमी संधी मिळते. तुमच्या कॉलेजची टीम झोन खेळत असेल तर मला नक्की कळवा, कारण मग वर लिहिलेलं बचावाचं बरंचसं वेगळ्या तऱ्हेने बघावं लागेल.

शरीराविषयी थोडक्यात. कॉलेजच्या पत्रकातली उंची बुटांसकट आणि जरा मोकळ्या हाताने लिहिलेली असते, साडेसहा फूट लिहिलं असेल तर एक इंच वजा धरून चाला. शिकागोच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, अनवाणी मोजतात. उंचीपेक्षा हातांचा पसारा महत्त्वाचा. लेनर्डचा पसारा सव्वासात फूट होता. पण डेझमंड बेनचे हात त्याच्या उंचीपेक्षा आखूड आहेत, तो २०२० मध्ये ३० वा गेला आणि आज पहिल्या प्रतीचा शूटर आहे. म्हणजे आखूड हातांचा खेळाडूही चालतो, फक्त बाकीचं सगळं चोख लागतं.

एवढ्यावरून तुमच्या मुलाकडे वळतो. तुमच्या माहितीला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे सँटा क्लाराचा जेलन विल्यम्स. मधल्या दर्जाची कॉन्फरन्स, तिसरं वर्ष, वय २१, सरासरी १८ पॉइंट. २०२२ मध्ये ओक्लाहोमा सिटीने त्याला बारावा घेतला आणि २०२५ मध्ये तो विजेत्या टीमचा दुसऱ्या क्रमांकाचा आधार होता. तुमच्या शेजाऱ्यांनी हे नाव घेतलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण विल्यम्सचे फ्री थ्रो ८० टक्क्यांच्या वर होते, सामन्याला चारहून अधिक असिस्ट (साथीदाराच्या बास्केटला कारण ठरलेले पास) होते आणि हातांचा पसारा सात फूट दोन इंचांच्या वर. तुमच्या मुलाचे असिस्ट १.८ आणि टर्नओव्हर, म्हणजे हातून बॉल घालवणं, २.६. इथे मी थांबतो. बॉल इतका वेळ हातात असताना जो साथीदाराला मोकळं करू शकत नाही, त्याला एनबीएत बॉल कुणी देणार नाही. मग त्याला बचावावर आणि कोपऱ्यातल्या शॉटवर जगावं लागेल. त्याचे स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट हवेत अडवणं) मिळून सामन्याला दोनहून अधिक आहेत. त्या अख्ख्या कागदावर मला सगळ्यात आवडलेला आकडा हाच. कुणी तो तुम्हाला ओरडून सांगत नसेल, पण मी तिकीट काढून बघायला गेलो तर त्याच्यासाठी जाईन.

आज विचाराल तर पहिली फेरी मला दिसत नाही. दुसरी फेरी किंवा टू-वे शक्य आहे, तेही बचाव आकड्यांइतकाच खरा निघाला तर. आणि घाई करायचं कारणही उरलेलं नाही. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, २०२५-२६ पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. ड्राफ्टसाठी नाव देऊन, लीगच्या समितीचं मत घेऊन, मुदतीत नाव मागे घेऊन चौथ्या वर्षाला परतता येतं. मोठ्या कॉन्फरन्समध्ये बदलीही करता येते. तिथे दररोज तगडे बचावपटू समोर असतील, पॉइंट कदाचित १३ वर येतील, आणि स्काउटना हवं ते दिसेल. घरच्यांना ते उतरण वाटेल, पण टीमवाले तसं बघत नाहीत.

मी चुकूही शकतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाबद्दल मी लिहिलं होतं की वय जास्त, पाय मंद, घेऊ नये. त्याला कुणी ड्राफ्ट केलं नाही. टू-वेवर आला आणि नंतर पाच मोसम लीगमध्ये टिकला. माझी जुनी वही काढून बघितली. मी त्याचे फक्त चांगले सामने बघितले होते, नेम लागलेले. नेम न लागलेल्या सामन्यांत तो काय करतो ते बघितलंच नव्हतं. बघितलं असतं तर दिसलं असतं की दहापैकी एक शॉट गेलेल्या दिवशीही प्रशिक्षक त्याला बाहेर काढत नाही. तेव्हापासून कुणाचाही रिपोर्ट लिहिण्याआधी मी त्याचा एक तरी वाईट सामना पूर्ण बघतो.

तुम्ही घरचे सगळे सामने बघता, म्हणजे तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे. पुढच्या सामन्याला बाजूच्या खुर्च्या सोडून बास्केटच्या मागे बसा, बचावातली पावलं तिथून दिसतात. पहिल्या हाफमध्ये त्याचे क्लोजआउट मोजा आणि किती वेळा समोरचा बाजूने निघून गेला ते लिहा. पास दिल्यावर तीन मोजायचं तेही करून बघा. सरावाच्या वेळी तो रिंगखाली उभा असताना टाचा न उचलता हात वर केला तर बोटं कुठवर जातात ते पाहा. रिंग १० फुटांवर असते, जाळी साधारण दीड फूट खाली येते. बोटं जाळीच्या आत शिरली तर हात साडेआठ फुटांच्या वर पोचतोय. आणि ज्या दिवशी त्याचा एकही थ्री जाणार नाही, त्या सामन्याची तारीख मला कळवा, मी त्याचा व्हिडिओ मिळवून बघतो.